रोजची दहा मिनिटं देहसुखासाठी: चुकतंय कुठे?

अबोली७: सुख फक्त सुट्टीसाठी किंवा जोडीदारासाठी राखून न ठेवता रोजच्या दिवसात मुरवायचं आहे. आंघोळीनंतर दहा मिनिटं सावकाश अंगाला तेल लावायचं, एवढंच ठरवलंय. पण दोन मिनिटांत मन कामांच्या यादीकडे पळतं आणि तेल लावणं त्या यादीतलंच आणखी एक काम होऊन बसतं. काय बदलू?

संथ_हात: आधी वेग. खसाखसा हात चालला की ते नुसतं तेल जिरवणं झालं. लव असलेल्या त्वचेत हळुवार स्पर्शाचे वेगळे मज्जातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर या वेगाला ते दाद देतात, सगळ्यात जास्त ३ च्या आसपास. म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत जायला साधारण आठ सेकंद! मोजून बघा, जीव कासावीस होईल इतकं हळू वाटतं. तळहातात हे तंतू अगदी विरळ, तेव्हा हाताची वरची बाजू, दंड, मांडी घ्या. हात कोमट हवा. गार हाताने अंग आक्रसतं. त्वचा ओलसर असताना एका हाताला अर्धा चमचा तेल पुरे. जास्त घेतलं तर नुसतं घसरतं, स्पर्श कळतच नाही. एकाच जागी घोटत राहिलं की सुख बोथट होतं, म्हणून जागा बदलत राहा. आणि तळपायांना तेल बसूनच लावा, फरशीवर पाय सटकतो.

मधली_सुट्टी: मन पळणारच. खरा घात करतो तो "छान वाटतंय का?" हा प्रश्न, कारण तो विचारला की आपण स्वतःचे परीक्षक होतो. त्याऐवजी गरम की गार, खरखरीत की मऊ, दाब किती, एवढंच टिपा. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी १९७० मध्ये जोडप्यांसाठी मांडलेल्या स्पर्शाच्या सरावात सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रियं वर्ज्यच ठेवली होती, ती याचसाठी: काही साधायचं उरलं नाही की लक्ष त्वचेवर येतं. एकट्याने करतानाही पहिले आठ-दहा दिवस हा नियम पाळून बघा. दहा मिनिटं जड जात असतील तर तीन करा.

गंधवेडी: रोज तेलच कशाला? नाक चिमटीत धरून एक घास चावा आणि मध्येच सोडा. चव एकदम उमलते, कारण तिचा मोठा भाग घशामागून नाकात जाणारा वासच असतो. सुगंध मात्र दिवसभर दरवळत ठेवू नका. काही मिनिटांत नाक त्याला सरावतं, मग आपण उगीच मात्रा वाढवत जातो.

अबोली७: मधेच उत्तेजना आली तर? थांबायचं का?

संथ_हात: थांबायची गरज नाही, तिच्यामागे धावायचीही नाही. हात त्याच वेगात राहू द्या. पुढे जोडीदारासोबत करणार असाल तर एक लक्षात ठेवा, तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटतो. तिथे पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण वापरा आणि हाताचं तेल आधी साबणाने धुवा.