मदत हवी आहे: सेल्युलोजचा आर्द्रता सेन्सर जास्त ओलाव्यानंतर मूळ वाचनावर येत नाही

कागदावर कार्बन शाईने कंगव्याच्या दातांसारखे इलेक्ट्रोड छापून वर कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचा (पाण्यात विरघळणारं, ओलावा शोषणारं सेल्युलोज) थर दिला आहे: २ टक्के द्रावण, त्यात थर लवचिक राहावा म्हणून सेल्युलोजच्या वजनाच्या ३० टक्के ग्लिसरॉल. धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता, जी ओलाव्याने वाढते) १ किलोहर्ट्झ एसीवर मोजतो. डीसी मुद्दाम टाळलंय, आयन इलेक्ट्रोडपाशी साचून वाचन सरकत राहतं.

बंद डब्यात २५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराइड (डब्यातली सापेक्ष आर्द्रता ३३ टक्के) आणि मीठ (७५ टक्के) यांच्या संपृक्त द्रावणांवर वाचन स्थिर असतं. पोटॅशियम सल्फेटवर (९७ टक्के) ठेवून परत ७५ वर आणलं की धारकता चढीच राहते, थर फुगून कडा सुटतात.

ग्लिसरॉल १५ टक्क्यांवर आणल्यावर फरक कमी झाला, पण कागद वाकवला की थर तडकतो. १० टक्के सायट्रिक आम्ल घालून १४० अंशांवर भाजल्यास फुगणं जवळपास थांबतं. मात्र कागद पिवळा पडतो आणि शाईला भेगा जातात. खरा अडथळा हाच.

सेन्सर पूर्ण कंपोस्ट व्हायला हवा, त्यामुळे सिलिकोन किंवा फ्लोरिनयुक्त लेप नको.

सोडियम हायपोफॉस्फाइट उत्प्रेरक वापरून ११० अंशांच्या आत पुरेसं क्रॉसलिंकिंग (सायट्रिक आम्लाने सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना जोडणं) होतं का, किती प्रमाणात? की थर वेगळा भाजून मग त्यावर इलेक्ट्रोड छापावेत?