मॉनिटर-ॲडाप्टरचा गोंगाट: टेबलावरच आवरायचा, की अँटेना घेऊन गाव सोडायचं?

गंगापूररोडकर
नाशिकमधून एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) बसणारे बरेच हॅम (हौशी रेडिओचालक) आता म्हणतात, ‘गावात काही ऐकू येत नाही, रामशेजच्या पायथ्याशी नाहीतर धरणाकडे रिग (रेडिओ संच) घेऊन जावं.’ मला हे पटत नाही. सिग्नलची ताकद दाखवणारा एस-मीटर नुसत्या गोंगाटाने ७ वर अडकून बसतो, त्यातला मोठा वाटा बहुतेकदा आपल्याच टेबलावरचा असतो आणि तो कमी करता येतो.

आधी तपासा. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या आणि घराचा मेन स्विच पाडा. इन्व्हर्टरही बंद करा, तो हमखास राहून जातो. मीटर खाली आला तर उगम घरातच आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा. ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झचा बँड) दर साठ-सत्तर किलोहर्ट्झला उमटणारा, हळूहळू सरकणारा घरघरीचा पट्टा दिसला, तर तो बहुधा मॉनिटरचा किंवा लॅपटॉपचा स्विच मोड ॲडाप्टर. त्यातला ट्रान्झिस्टर सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळा चालू-बंद होतो आणि त्याचे हार्मोनिक्स (पटीतल्या फ्रिक्वेन्सी) थेट आपल्या ७ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये येऊन पडतात.

या फ्रिक्वेन्सीला मॉनिटरचा डबा स्वतः फारसं काही फेकू शकत नाही, ४० मीटर तरंगलांबीपुढे तो फारच लहान आहे. फेकतात त्या त्याच्या तारा: पॉवर कॉर्ड, एचडीएमआय, यूएसबी, लॅन. म्हणून इलाजही तारांवरच करायचा. मिक्स ३१ या मिश्रणाची मोठी फेराइट रिंग (गोंगाट अडवणारं चुंबकीय कडं) घ्या आणि केबलचे सात-आठ वेढे द्या; हाच चोक. पॉवर कॉर्ड असेल तर फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही एकत्र रिंगमधून गेले पाहिजेत.

सिडको_४०मीटर
दादा, बंगल्यात राहणाऱ्याला हे सोपं आहे. आमच्या सोसायटीत मी मेन पाडला तरी मीटर जागचा हलत नाही. वरच्या मजल्यावर एलईडी दिवे, शेजारी टीव्ही, गच्चीवर सोलरचा इन्व्हर्टर. माझ्या तारांवर रिंगा चढवून त्यांचा गोंगाट कसा थांबणार? आणि ऑनलाइन मिळणारे ते क्लिपवाले फेराइट मी सगळ्या केबलींना लावून पाहिले, काडीचा फरक नाही. माझ्या मते हा पैसा अँटेनावर घालावा. गच्चीवर, वायरिंगपासून जमेल तितकी लांब.

गंगापूररोडकर
क्लिपने फरक पडला नाही, कारण तिच्यातून तार एकदाच जाते. रोध साधारण वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो: एका वेढ्याच्या जागी आठ वेढे म्हणजे जवळपास ६४ पट. शिवाय त्या क्लिप कोणत्या मिश्रणाच्या आहेत, हे विक्रेता सांगत नाही. पुष्कळशा व्हीएचएफसाठीच्या (३० मेगाहर्ट्झच्या वर) असतात, ७ मेगाहर्ट्झला त्यांचा उपयोग नाही.

शेजारच्या गोंगाटाबद्दल अर्धं मान्य. पण तो तुमच्यापर्यंत येतो कसा? बिल्डिंगच्या वायरिंगमधून तुमच्या रिगच्या सप्लायवर, तिथून कोॲक्सच्या (अँटेनाची केबल) जाळीच्या बाहेरच्या अंगाने थेट अँटेनाच्या फीड पॉइंटवर (केबल अँटेनाला जोडते ती जागा). अँटेना गच्चीवर नेली तरी कोॲक्स घरातच उतरते ना? एंड-फेड वायर (एका टोकाला केबल जोडलेली अँटेना) असेल तर कोॲक्सची जाळीच तिचा दुसरा पाय होऊन बसते. फीड पॉइंटला एक चोक आणि कोॲक्स घरात शिरते तिथे दुसरा, हे केल्याशिवाय गच्चीचा पूर्ण फायदा मिळत नाही.

पंचवटी_एफटी८
‘कॉम्प्युटर बंद करून ऐका’ म्हणणाऱ्यांना माझा विरोध. एफटी८ (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड) २०१७ मध्ये आलं तेव्हापासून आम्हा कित्येकांचा कॉम्प्युटर हा स्टेशनचाच भाग आहे. रिग ते लॅपटॉप ही यूएसबी केबल गोंगाटाची सरळ वाट असते. तिला रिंग लावा, ऑडिओ वेगळ्या तारेने जात असेल तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांचा थेट जोड तोडणारा) टाका. आणखी एक फायदा कोणी बोलत नाही: चोक दोन्ही दिशांनी काम करतो. ट्रान्समिट करताना माउस गोठणं, यूएसबी तुटणं हे प्रकारही त्याने कमी होतात.

अंबड_एमआयडीसी
सगळा भार हॅमनेच का उचलायचा? मी टेस्टिंगच्या कामात आहे म्हणून सांगतो. आपल्याकडे ॲडाप्टर आणि मॉनिटरला बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी सक्तीची झाली, पण ती चाचणी शॉक आणि आगीच्या सुरक्षेची. रेडिओ गोंगाटाची नव्हे. म्हणून आत फिल्टरच्या जागा रिकाम्या सोडलेले स्वस्त ॲडाप्टर खुशाल विकले जातात. सीआयएसपीआर ३२ सारखं रेडिओ गोंगाटाचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा हवेतलं उत्सर्जन ३० मेगाहर्ट्झच्या वर मोजतं, खाली फक्त तारांमधलं. आपले एचएफ बँड नेमके खाली. फेराइट ही मलमपट्टी झाली, मागणी नियमाची हवी.

सिडको_४०मीटर
नियम येईल तेव्हा येईल. आज रात्री बँड उघडणार आहे (लांबची स्टेशनं ऐकू येतील), त्याचं काय? मी रिसीव्हसाठी मीटरभर व्यासाचा लूप (कड्यासारखी अँटेना) लावला आहे. फिरवून त्याचा नल (कमीत कमी ऐकू येणारी दिशा) शेजारच्या घराकडे धरला की एस ७ चा एस ४ होतो. तीन पायऱ्या म्हणजे १८ डेसिबल. तुमच्या रिंगेने शेजाऱ्याचा टीव्ही १८ डेसिबल खाली आणून दाखवा.

गंगापूररोडकर
नाही आणता येणार, आणि लूप उत्तम आहे यात वाद नाही. पण नल एकाच रेषेत, समोरासमोरच्या दोन दिशांना असतो. तुमचा स्वतःचा मॉनिटर तिसऱ्याच बाजूला घरघरत असेल तर लूप कुणाकडे धरणार? आणि लूपच्या कोॲक्सवर चोक नसेल तर नल उथळ होतो, कारण केबलच अँटेनासारखी वागते. म्हणून म्हणतो, क्रम आधी टेबल, मग लूप.

एक विनंती सगळ्यांनाच: गोंगाट घालवायचा म्हणून कॉम्प्युटरची अर्थिंग पिन कापू नका. काही जणांना त्याने मीटर खाली आल्यासारखा वाटतो, पण बिघाड झाला तर कॅबिनेटला हात लावणारा जिवानिशी जाईल.

सिडको_४०मीटर
अर्थिंगचं शंभर टक्के मान्य. क्रम अजून पटलेला नाही. लूपच्या कोॲक्सला चोक लावून या आठवड्यात नल पुन्हा मोजतो, आधीचे आणि नंतरचे आकडे इथेच टाकतो. तुम्हीही तुमचा मेन पाडून मीटर किती उतरतो तो आकडा द्या, मग बोलू.