वरणाचं पाणी की खिमट? आणि चिमूटभर मिठाचं काय?

गोधडी
लेक साडेसहा महिन्यांची. उष्टावण झालं. मामाने चांदीच्या वाटीतली खीर चाटवली, तिने तोंड वेडंवाकडं करून अर्धी त्याच्याच शर्टावर परत केली. इथवर सगळे खूश. दुसऱ्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई कुकरमधल्या वरणावरचं पाणी घेतात, त्यात चिमूटभर मीठ, तुपाचा थेंब, आणि बोंडल्याने पाजतात. माझं म्हणणं, हे अन्न नव्हे, डाळ-तांदळाचं मऊ, घट्टसर खिमट हवं. इवलंसं पोट पाण्याने भरलं की ती माझं दूधही कमी पिते. आणि मीठ वर्षभर नकोच. मी ठाम आहे, पण घरात एकटी आहे. बोला.

वाईची आजी
माझी तीन मुलं आणि पाच नातवंडं या पाण्यावरच सुरू झाली. एक आता सहा फुटी आहे, दारात वाकून शिरतो. दूध ओढून पिणारं बाळ ते, त्याला गिळायचं कसं हेच आधी शिकायचं असतं. घट्ट घास दिलात तर जिभेने बाहेर ढकलणार, मग तुम्हीच म्हणणार की बाळ खात नाही. पहिले आठ-पंधरा दिवस पातळच बरं. आणि अळणी खिमट तुम्ही स्वतः वाटीभर खाऊन दाखवा, मग मिठाचं बोलू.

तिजन
आजी, अळणी तुम्हा-आम्हाला लागतं. जिने मीठ कधी चाखलंच नाही तिला काय कमी वाटणार? लागेल तेवढं सोडियम दुधातून मिळतं, आणि जास्तीचं मीठ बाहेर टाकायला तिची मूत्रपिंडं अजून कच्ची आहेत.

पाण्याचं सांगते. अंगणवाडीत १४ वर्षं झाली मला. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. वरणाच्या वरच्या पाण्यात डाळ असते कुठे? ती तळाशी, आणि ती मोठ्यांच्या पानात जाते! जन्मताना मिळालेला लोहाचा साठाही सहा महिन्यांच्या आसपास संपत आलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. त्याला कारणं पुष्कळ आहेत, पण पातळ पाण्यावर काढलेले महिने त्यातलंच एक.

आम्ही आयांना एक खूण दाखवतो. चमचा तिरका करा. घास ओघळला तर पातळ, हळूच सरकला तर बरोबर.

सांडगे
ताईंचं बरोबर आहे, पण जरा व्यवहार बघा. एका चिमटीने आभाळ कोसळत नाही. घट्टपणासाठी भांडा, मिठासाठी नको. दोन्ही आघाड्या उघडल्या की सासूबाई दोन्हीकडे हट्टाला पेटतील. स्वानुभव.

पातेलं
बाबा बोलतोय. आमच्याकडे खिमट माझ्याकडे असतं. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, धुऊन सावलीत वाळवायची, मंद आचेवर खमंग भाजायची आणि रवाळ दळायची. शिजवताना पीठ थंड पाण्यात कालवून मग गॅसवर. उकळत्या पाण्यात टाकलंत तर गुठळ्या होतात, आणि बाळ नेमकी गुठळीच शोधून थुंकतं. उतरवल्यावर तूप आणि लिंबाचे दोन थेंब. लिंबाने डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते म्हणतात. आमच्या चिरंजीवांना मात्र फक्त तूप कळतं.

कंदील
दळायचंच कशाला? आम्ही डब्लिनला असतो. लेकाला सहा महिन्यांपासून वाफवलेल्या गाजराचे बोटाएवढे तुकडे हातात दिले. स्वतः उचलतो, चघळतो, नको असेल तर फेकतो. भरवणं म्हणजे ‘हा काऊचा, हा चिऊचा’ करत पोट भरल्यावरही कोंबणं. मला ते पटत नाही.

तिजन
कोंबू नये, कबूल. हातात द्याही. पण गाजरात लोह कितीसं? निम्मं तर जमिनीवर जातं. सकाळी खिमट भरवा, दुपारी गाजर खेळू द्या. बाळ पाठ ताठ धरून बसत असेल तरच, आणि समोर बसून. खोकून, तोंड लाल करून घास पुढे आणत असेल तर थांबा, ते शिकतंय. आवाजच बंद झाला तर मात्र घशात अडकलंय. अख्खा शेंगदाणा, अख्खं द्राक्ष कधीच नाही. दाण्याचं बारीक कूट खिमटात चालतं.

वाईची आजी
आता बोला! बाळाला मध नको असं हल्ली सगळे सांगतात, आणि दाणे चालतात?

कंदील
हो आजी. लंडनला ६४० बाळांवर अभ्यास झाला, २०१५ मध्ये निकाल आला. इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली बाळं होती ती. दाणे टाळलेल्यांपेक्षा लहानपणापासून खाल्लेल्यांत दाण्याची ॲलर्जी फार कमी निघाली. जोराचा इसब असेल तर डॉक्टरांना विचारून द्यायचं, एवढंच. मधाची गोष्ट वेगळी. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या आतड्याला ते झेपत नाहीत.

वाईची आजी
आमच्या घुटीत मध असायचाच. बरं. नाही घालत. मिठाचं मात्र मला पटलेलं नाही.

गोधडी
आज तळाची डाळ मऊ भातात कालवून दिली. चार चमचे गेले, पाचवा कानात. मी आंघोळीला गेले तेवढ्यात मीठ पडलंच. वाटी मी चाखून पाहिली.

तिजन
वरणात मीठ पडायच्या आधीच बाळाची वाटी बाजूला काढून ठेवा. कुकर उघडल्या उघडल्या. भांडायची वेळच येत नाही.

वाईची आजी
आणि हिंग? तेवढं तरी चालतं ना, का त्यालाही वर्षभर थांबायचं?