विश्वस्त नाही म्हणाले तरी देवस्थानची जमीन 'वरून' विकली जाऊ शकते का?

माळावरची
आमच्या गावच्या देवळाचा ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला आहे. विश्वस्त सात, त्यात मी एकटी बाई. वडील गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं, चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याच्या नोंदीचा अर्ज) मंजूर होऊन आठ महिने झाले. देवळाच्या नावावर साडेचार एकर आहे, विहिरीसकट. खंडाच्या पैशात दिवाबत्ती, पुजाऱ्याचं मानधन आणि उत्सव कसाबसा निघतो.

शेजारचा रस्ता रुंद झाला आणि या जमिनीला अचानक पाहुणे यायला लागले. त्यातले एक गृहस्थ गेल्या सभेला येऊन बसले. आम्ही नाही म्हटलं तर हसून म्हणाले, "तुमचं नाही राहू द्या. मी धर्मादाय आयुक्तांकडूनच हुकूम आणतो. खरे मालक तेच." आमच्यातले एक विश्वस्त तेव्हा सतरंजीची दशी ओढत बसले होते, एक शब्द बोलले नाहीत.

हे खरं आहे का? जे कार्यालय आम्हाला काढून टाकू शकतं, ते जमीन का नाही विकू शकणार? आणखी एक: जमीन कसणाऱ्याला डाळिंब लावायचंय, तो १५ वर्षांचा करार मागतोय. त्यालाही परवानगी लागते म्हणे.

पायरीवरचा
मालक आयुक्त नाहीत. तुम्हीही नाही, ताई. कलम ३६ वाचा.

निवृत्त कारकून
वर अर्धंच सांगितलंय. माझी नोकरी वकिलाच्या कचेरीत अशाच फायली बांधण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कलम ३६ मध्ये मंजुरी आहे, हुकूम नाही. विक्री, अदलाबदल, बक्षीस यांना आधी मंजुरी लागते. शेतजमिनीचा भाडेपट्टा १० वर्षांवर आणि बिनशेती जमिनीचा किंवा इमारतीचा ३ वर्षांवर गेला की तीच गत. तेव्हा डाळिंबवाल्याच्या १५ वर्षांना मंजुरी हवीच. अर्जात विकायची गरज काय, ट्रस्टचं हित कशात, मूळ दस्तात मनाई आहे का, हे सगळं लिहावं लागतं, सोबत तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल. तुमच्या त्या गृहस्थांना स्वतःच्या नावानं हा अर्ज करता येत नाही.

काढून टाकण्याचं म्हणाल तर ते कलम ४१ड. हिशेब वारंवार न देणं, अपहार, कर्तव्यात कसूर असे आरोप ठेवून, म्हणणं ऐकून, मग लेखी आदेश. 'जमीन विकत नाहीत' हा त्यातला आरोप नव्हे. आणि विश्वस्त गेला तरी त्याच्या जागी दुसरा येतो, जमीन ट्रस्टचीच राहते.

हा वाद फार जुना आहे. रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याचा बराचसा भाग कायम ठेवला. नोंदणी आणि हिशेबतपासणीला हरकत घेतली नाही. पण धार्मिक ट्रस्टवर खुद्द आयुक्तांनाच विश्वस्त म्हणून बसवण्याची तरतूद टिकली नाही. देखरेख करा, गादीवर बसू नका, असा माझ्यापुरता मी त्याचा अर्थ लावतो.

माळावरची
काका, रात्री कलम ३६ काढून वाचलं. त्यात एक पोटकलम आहे: ट्रस्टच्या हितासाठी मालमत्ता विकावी असं आयुक्तांना वाटलं, तर अर्जावरून ते 'कोणत्याही विश्वस्ताला' तसा अधिकार देऊ शकतात. कोणत्याही! मला ती सतरंजीची दशी आठवली.

निवृत्त कारकून
बरोबर जागी बोट ठेवलंत. धोका असलाच तर तिथं आहे, बाहेरच्या माणसात नाही. तरी 'ट्रस्टचं हित' सिद्ध व्हावं लागतं आणि अटी घालता येतात. तुम्ही लगेच सभा घ्या. 'विकायची नाही' एवढंच लिहू नका. खंड किती येतो, कुठं खर्च होतो, विकल्यावर उत्सव कशावर चालणार, हे ठरावात आकड्यांनी येऊ द्या. ठरावाची प्रत पत्रासोबत कार्यालयात द्या: असा अर्ज आला तर बाकीच्या विश्वस्तांना ऐकून मगच निर्णय व्हावा. पोच घ्यायला विसरू नका. खोटं सांगून किंवा माहिती लपवून मिळवलेली मंजुरी रद्द करता येते, तेव्हा हा कागद कामाला येतो.

सातबारा
सगळे धर्मादायच्या मागे लागलेत. सातबारा पाहिला का कुणी? 'देवस्थान इनाम वर्ग ३', म्हणजे देवळासाठी पूर्वी इनाम दिलेली जमीन, असं लिहिलं असेल तर नुसत्या कलम ३६ वर भागत नाही, महसूल खात्याचा दरवाजा वेगळा. डाळिंबाच्या कराराआधीही तेवढं बघून घ्या.

माळावरची
आजच उतारा काढला. वर्ग ३ आहे! अध्यक्षांनाही ठाऊक नव्हतं. सभा रविवारी ठेवली. नोटीस देऊन घरी येते तोवर दशीवाल्यांचा फोन: "ठराव हात वर करून घेणार की सह्या?" सह्या, म्हटलं.