सिबिल खराब असताना आवास योजनेतून गृहकर्ज : आपापले अनुभव सांगावेत

गोदाकाठ (नांदेड) : काल भाचा बँकेतून आला आणि 'मामी, सिबिल बसत नाही म्हणतात' एवढेच बोलून ओट्यावर बसून राहिला. (सिबिल म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा स्कोअर.) त्याचा चेहरा पाहून मला आमचे 2018 साल आठवले. आमच्या नावावर एक रुपयाचे कर्ज नव्हते. यांनी चुलतदिरांच्या ट्रॅक्टरला जामीन दिला होता आणि 2015-16 च्या दुष्काळात त्यांचे हप्ते थकले, तर डाग आमच्या नावाला लागला. प्रधानमंत्री आवास योजनेत बसलो म्हणजे कर्ज मिळालेच, असा आमचा समज होता. प्रत्यक्षात सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याजाचे अनुदान सरकार देत होते. कर्ज द्यायचे की नाही, हे बँकच ठरवत होती. शेवटी माझ्या पाटल्या मोडून दिरांची थकबाकी भरली, बेबाकी दाखला (काही देणे बाकी नसल्याचा) घेतला आणि आठ महिने थांबून पुन्हा अर्ज केला. घर माझ्या नावावरही आहे, कारण त्या योजनेत अल्प उत्पन्न गटासाठी घरात बाईचे नाव लागत असे. अनुदान कर्जखात्यात जमा होऊन हप्ता कमी झाला, त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. तुमच्यापैकी कोणी यातून गेले असेल, तर भाच्यासाठी सविस्तर लिहावे.

बाभूळबन (परभणी) : आमचा सातबारा 2017 च्या कर्जमाफीत कोरा झाला, परंतु सिबिलच्या अहवालात ते पीककर्ज पुढची तीन वर्षे थकीतच दिसत राहिले आणि हे आम्हाला गृहकर्ज नाकारले गेल्यावर कळले. भाच्याने आधी अहवाल काढावा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो, आणि एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहू शकते, म्हणून चारही पाहावेत. चुकीच्या नोंदीची तक्रार ऑनलाइन करता येते. तीस दिवसांत निवारण झाले नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आता आहे. मला त्या वेळी शाखेत सात चकरा माराव्या लागल्या, त्याही सोयाबीन काढणीच्या दिवसांत.

मांजरा (लातूर) : ताई, पाटल्या मोडताना काय वाटले असेल, ते समजते. आमच्याकडे चूक निराळी झाली. वसुलीचा माणूस रोज दारात येऊ लागल्यावर आम्ही तडजोड करून निम्म्या रकमेत खाते मिटवले आणि सुटलो असे मानले. पण अहवालात 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा पडला, आणि तो पाहून दोन बँकांनी अर्ज परत केला. राहिलेली रक्कम भरून शेरा बदलून घेईपर्यंत मुलीची दहावी झाली. शक्य असेल तर पूर्ण रक्कमच भरावी, हे मी कळकळीने सांगते.

गोदाकाठ : पाटल्या अजून झाल्या नाहीत, पण दिरांनी निम्मे पैसे परत केले. त्यांचाही दोष नव्हता, पाऊसच नव्हता.

उंबरठा (छत्रपती संभाजीनगर) : सिबिल सुधारले तरी जागेचे कागद पाहून घ्यावेत. आमचा प्लॉट गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीविना तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला असल्याने स्कोअर 760 असूनही तीन बँकांनी नकार दिला आणि नियमितीकरणानंतरच फाईल पुढे सरकली.

बाभूळबन : गोदाकाठ ताई, तुमच्या वेळची व्याज अनुदानाची योजना 31 मार्च 2022 रोजी बंद झाली. सप्टेंबर 2024 पासूनच्या नव्या शहरी टप्प्यात पहिल्या आठ लाखांवर चार टक्के अनुदान आहे, तेही जास्तीत जास्त 1.80 लाख आणि पाच वार्षिक हप्त्यांत. त्यामुळे भाच्याने महिन्याचा हिशेब अनुदानाविना जमतो का, हे आधी मांडावे.

गोदाकाठ : आताच त्याचा अहवाल काढला. मोबाईल घेताना काढलेल्या कर्जाचे शेवटचे दोन हप्ते, एकूण 2,340 रुपये, थकीत दिसत आहेत आणि त्याला ते ठाऊकही नव्हते. उद्या सकाळी दोघे मिळून भरायला आणि बेबाकी दाखला मागायला जाणार आहोत.