मळमळतंय, उमासे येतात, उलटी झाली : इंग्रजीत नेमकं काय?

भाषांतरवेडा : 'आय अ‍ॅम नॉशस' म्हटलं तर 'मी किळसवाणा आहे' असा अर्थ होतो, हे खरं का? आणि ब्रिटिश 'सिक' अमेरिकन 'सिक'पेक्षा वेगळा कसा? रुग्णांसाठीच्या पत्रकांचं काम आहे, अंदाजाने लिहून भागणार नाही.

शब्दखोड : खरं नाही. १७व्या शतकापासून 'नॉशस'चे दोन्ही अर्थ आहेत : मळमळणारा आणि मळमळ आणणारा. फक्त दुसराच शुद्ध, हा आग्रह २०व्या शतकातल्या व्याकरणपंडितांचा. आज बहुतेक लोक पहिल्याच अर्थाने वापरतात. पत्रकात वाद नको असेल तर माणूस 'नॉशिएटेड', वास 'नॉशिएटिंग'.

मूळ ग्रीक 'नाउस', म्हणजे जहाज. आपल्या संस्कृत 'नौ'चंच भावंड. थोडक्यात, नॉशिया म्हणजे मुळात बोट लागणं!

उंटावरचा_शहाणा : खरी गोम 'सिक'मध्ये आहे. ब्रिटनमध्ये 'आय फील सिक' म्हणजे मळमळतंय, आणि 'शी हॅज बीन सिक ट्वाइस' म्हणजे तिला दोनदा उलटी झाली. अमेरिकन माणूस तेच वाक्य 'ती दोनदा आजारी पडली' असं समजेल. तो मळमळीसाठी 'सिक टु माय स्टमक' म्हणतो. ब्रिटिश आजारी माणूस 'इल' असतो, पण नामाआधी मात्र तिथेही 'सिक' चालतं : 'अ सिक चाइल्ड' म्हणजे आजारी मूल. 'सिक लीव्ह'ही दोन्हीकडे आजारपणाचीच रजा.

भाषांतरवेडा : आणि उमासे? 'व्हॉमिटिंग सेन्सेशन' लिहिलं तर?

शब्दखोड : ते आपलं भारतीय इंग्रजी. तिकडचा डॉक्टर समजून घेईल, पण छापू नका. पोटात नुसतं ढवळतंय तर 'क्वीझी', कोरडे उमासे येतात, बाहेर काहीच पडत नाही, तर 'रेचिंग'. (आपल्या रेचकाशी याचा काही संबंध नाही, ते काम दुसऱ्या टोकाचं.)

'लूज मोशन'ही टाळा, 'डायरिया' लिहा. गाडी किंवा बस लागणं हे 'मोशन सिकनेस', त्यातलं 'मोशन' म्हणजे हालचाल, जुलाब नव्हेत.

उंटावरचा_शहाणा : एक राहिलं. 'मॉर्निंग सिकनेस'ला नुसतं 'डोहाळे' लिहू नका, वाचणारीला चिंच-कैरी आठवेल. 'गरोदरपणातली मळमळ व उलट्या' लिहा. 'सकाळची' हा शब्दही नको, त्रास दिवसभरात कधीही होतो.