दुसरीतल्या मुलीला वाचन चाचणीतून सूट देतायत. घ्यावी का?

धायरीची आई
मुलगी दुसरीत, अनुदानित मराठी शाळेत. सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही), दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड काढलंय. बोलणं सावकाश, शब्द ओढत येतात, पण समजतं सगळं. सध्या वर्गात मिनिटाला किती शब्द वाचतात ते बघतायत. बाई म्हणाल्या, "हिला राहू द्या ताई, उगाच त्रास नको." प्रेमानंच म्हणाल्या. पण घरी मला दिसतंय की ती ‘घर’ला ‘धर’ म्हणते आणि जोडाक्षर आलं की पहिल्या अक्षरावरून काहीतरी ठोकून देते. हे बोलण्यामुळे की वाचनातच अडतंय? शाळेशी वाद नकोय, पण मागायचं काय तेच कळत नाही.

विशेष शिक्षिका, हडपसर
ताई, सूट घेऊ नका. चाचणी हवीच, फक्त घ्यायची पद्धत बदलून मागा.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित मोहिमेत दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 शब्द धरलेत. तुमची लेक कितीही चांगलं वाचत असली तरी तिची जीभ त्या वेगानं वळणार नाही, त्यामुळे घड्याळ लावून मिळेल तो आकडा उच्चाराचा असेल. पण चाचणीच घेतली नाही तर घ-धचा गोंधळ कुणाच्या नोंदीत येणार? सगळं सेरेब्रल पाल्सीच्या नावावर खपतं, आणि मूल चौथीत गेल्यावर कळतं की त्याला बाराखडीच पक्की नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पहिली-दुसरीत हे भरून काढणं कितीतरी सोपं असतं.

मी अशा मुलांसमोर चार कार्डं ठेवते: घर, धर, घार, भर. मी ‘घार’ म्हणते, मूल बोट ठेवतं. हात चालत नसेल तर नजरेनं दाखवतं. मग एक छोटं वाक्य मनात वाचायचं आणि जुळणारं चित्र निवडायचं. इथे चुकलं तर अडचण वाचनात आहे. इथे बरोबर आलं आणि मोठ्यानं वाचतानाच अडलं, तर बहुतेक उच्चारात. कधी दोन्ही असतात. बसवताना पाय टेकलेले आणि पाठीला आधार हवा, नाहीतर सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते.

त्याआधी डोळे तपासून घ्या. या मुलांमध्ये तिरळेपणा आणि नजर फिरवायची अडचण बरीच आढळते. त्यानंही ओळ सुटते, शब्द गळतात.

बाबा, कोथरूड
माझ्या अल्पदृष्टी मुलासाठी हेच केलं. तोंडी बोलण्यापेक्षा मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि पोच घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016चं कलम 16 लिहा. शासनमान्य शाळेनं अध्ययन अक्षमता (वाचणं-लिहिणं शिकण्यातली अडचण) लवकरात लवकर ओळखून उपाय करायचे आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचं, असं त्यात आहे. अगदीच दाद लागली नाही तर दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, पण तिथवर जायची वेळ बहुधा येत नाही. बालभारतीच्या पुस्तकांची पीडीएफ फुकट मिळते. आम्ही पानं मोठी करून छापतो, ओळ सुटणाऱ्या मुलांनाही उपयोग होतो.

धायरीची आई
खूप आभार. शाळेत कुणीतरी म्हणालं, अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळतं, तोवर थांबा. ती सात वर्षांची आहे.

विशेष शिक्षिका, हडपसर
प्रमाणपत्र परीक्षेतल्या सवलतींना लागतं. घ आणि ध वेगळे शिकवायला नाही. थांबू नका. अर्जात एवढंच लिहा: वर्गशिक्षिका आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक यांनी मिळून, वेळेची अट न लावता चाचणी घ्यावी, निकाल लेखी द्यावा, अडलेल्या अक्षरांवर रोज थोडा वेळ वेगळं काम घ्यावं, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासावं. चाचणीला तुम्ही शेजारी बसा. तिचा ‘हो’ कसा असतो, ते तुम्हालाच नीट कळतं.